पाणी गाळून पितो, कापड मात्र न गाळता नेसतो



पर्युषण जवळ आलं की आपल्या महिला मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन याद्या फिरायला लागतात. पहिली त्यागाची. कोण किती उपवास करणार, कोणी एकासणी धरली, कोणी रात्रीचं पाणी सोडलं. दुसरी साड्यांची. उत्तम क्षमेला कोणता रंग, मार्दवाला कोणता, आर्जवाला कोणता, असे दहा दिवसांचे दहा रंग, आणि समारोपाला मंडळाची नवी, एकसारखी साडी. "सुरतहून होलसेलमध्ये दोनशे साठला पडतेय, शंभर घेतल्या तर अजून कमी करतो म्हणतो, ताई लवकर नावं द्या." मैत्रिणींनो, दुसरी यादी पहिलीच्या आधी भरते. हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

आज मी या दुसऱ्या यादीबद्दल लिहिणार आहे. कुणाला टोचेल, पण टोचलं तरच उपयोग आहे.

आपल्याइतकी चौकशी करून जगणारा समाज दुसरा क्वचितच असेल. पाणी आपण दुहेरी छन्न्याने गाळतो आणि छन्न्यात राहिलेले जीव परत त्याच पाण्यात सोडतो. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका बघतो, आतले घटक वाचतो, जिलेटिन आहे का ते विचारतो. चामड्याची पर्स आपल्या घरात येत नाही. रेशमाबद्दलही आता आपल्या मुली जाग्या झाल्या आहेत. कोसल्यातला किडा उकळत्या पाण्यात मारल्याशिवाय तो अखंड धागा निघत नाही, हे कळल्यावर कितीतरी जणींनी लग्नातसुद्धा रेशीम नाकारलं. मला त्यांचा अभिमान वाटतो.

पण दुकानात "हे प्युअर सिल्क नाही ना?" असं विचारणारी आपली बाई "हे कोणी शिवलं, आणि तिला किती मिळाले?" असं कधी विचारत नाही. किड्याची चौकशी होते, शिवणारीची होत नाही. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळे जीव आपल्याला पाठ आहेत. मशीनवर वाकलेली बाई पंचेंद्रिय आहे, संज्ञी आहे, आणि आपल्या अहिंसेच्या यादीत तीच नेमकी गळते.

कुणी म्हणेल, मजुरी हा सरकारचा आणि युनियनचा विषय, यात धर्म कुठून आला? तर पाठशाळेत शिकलेलं आठवा. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधून ठेवणं, मारणं आणि अवयव कापणं हे तीन आपल्याला लगेच पटतात. उरलेले दोन आपण पाठांतरात भरभर म्हणून टाकतो. ते आहेत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ताकदीपेक्षा जास्त ओझं लादणं, आणि आपल्या आश्रयाला असलेल्याचं अन्नपाणी तोडणं. लहानपणी आपल्याला उदाहरण मिळायचं बैलगाडीचं. बैलावर जास्त पोती लादू नका, त्याला वेळेवर चारापाणी द्या. पण व्रत बैलापाशी संपत नाही. बारा तास मशीनवर बसवणं हे अतिभारारोपण आहे. राबूनही पोट भरणार नाही अशी मजुरी देणं हा अन्नपाननिरोधच आहे, फक्त तो मस्टरवर नीट लिहिलेला असतो.

अचौर्य व्रताचा एक अतिचार आहे, तदाहृतादान. म्हणजे चोराने आणलेला माल घेणं. आपण चोरी केली नाही, फक्त स्वस्तात घेतला, तरी दोष लागतोच. दुसऱ्याच्या मजुरीतून चोरलेले पैसे ज्या कपड्याच्या किमतीत 'बचत' म्हणून आपल्याला मिळतात, तो कपडा कोणत्या खात्यात घालायचा ते तुम्हीच ठरवा.

"पाप त्या मालकाला लागेल, आम्ही तर फक्त विकत घेतलं," हे उत्तर मला नेहमी मिळतं. मैत्रिणींनो, ही पळवाट आपल्या धर्माने आधीच बंद केली आहे. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलेलं, करवून घेतलेलं आणि मान्यता दिलेलं, तिन्हींचा बंध आहे. म्हणून तर आपण कत्तलखान्यात जात नसलो तरी मांस विकत घेत नाही. मग हाच नियम साडीला का नाही? शंभर साड्यांची ऑर्डर देताना "अजून वीस रुपये कमी करा" असं जे आपण म्हणतो, ते कारित आहे. कारण ते वीस रुपये व्यापारी स्वतःच्या खिशातून देत नाही. तो ते खालच्यावर ढकलतो, खालचा त्याच्या खालच्यावर, आणि शेवटी ज्याच्या खाली कोणी उरलेलं नसतं तिच्यावर ते येऊन पडतात. ती बहुतेक वेळा बाईच असते.

मी कॉमर्सची. आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून आपल्या बुलढाणा जिल्ह्यातूनच हिशेब सुरू करू.

आपला मुलूख कापसाचा. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता, तो रेल्वेची शाखा आणि कापसाचा बाजार सुरू करायला. इथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत गेला. आपल्यातल्या कितीतरी घरांचा वाडा, दुकान, मंदिराला दिलेलं दान या कापसावर उभं आहे. तेव्हा कपड्याची गोष्ट आपल्यासाठी परक्या देशातली नाही, ती आपल्या शेताच्या बांधावरून सुरू होते.

एक किलो कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण 340 ग्रॅम रुई निघते, बाकी सरकी. एका सुती कुर्तीला एवढी रुई पुरते. म्हणजे एक कुर्ती बरोबर एक किलो कापूस, हिशेबाला सोपं. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 8,110 रुपये, म्हणजे किलोला 81. तोही मिळाला तर. ओलावा जास्त, कवडी जास्त असं म्हणून व्यापारी भाव पाडतो ते आपण दर दिवाळीनंतर बघतो. त्यातच 2025 च्या ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून. इथला शेतकरी कापूस घरात आणत होता, नेमक्या त्याच महिन्यांत.

या 81 मधून बियाणं, खत, फवारणी, निंदण सगळं जायचं. आणि वेचणी. आपल्याकडे वेचणाऱ्या बाईला किलोमागे दहा-बारा रुपये मिळतात. सकाळच्या थंडीत कमरेला ओटी बांधून ती वाकलेली असते, वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं चिरतात, पाठ दुखते. नऊशे रुपयांच्या कुर्तीत तिचे दहा-बारा रुपये. चला, शेतापुरतं तरी हे कळतं, कारण शेत डोळ्यासमोर आहे. पुढे सूत कातणारी, विणणारा, रंगवणारा, कापणारा, शिवणारी, बटण लावणारी, दोरे कापणारी यांना किती मिळाले ते कुठेच लिहिलेलं नसतं. कुर्तीच्या आतल्या चिठ्ठीवर ती कशी धुवायची, कोणत्या तापमानाला इस्त्री करायची, सगळं छापलेलं असतं. शिवणारीची मजुरी तेवढी नसते.

आता दोनशे साठच्या साडीचा हिशेब उलटा करा. दुकानदाराचा नफा काढा, होलसेलवाल्याचा काढा, गाडीभाडं, कर, पॅकिंग काढा. मग साडेपाच मीटर कापडाचा धागा, विणकाम, छपाई. शेवटी जे उरतं त्यात साडीला लेस लावणारी आणि खडे चिकटवणारी बाई आली. सुरतेत हे काम हजारो बायका घरात बसून नगावर करतात. घर तिचं, वीज तिची, डोळे तिचे, सुटी नाही, पीएफ नाही, कारखान्याच्या वहीत नाव नाही. अशा घरी बसून काम करणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 साली एक करार केला, क्रमांक 177. आपल्या देशाने त्याला आजवर मान्यता दिलेली नाही.

स्वस्ताईची किंमत जिवानेही मोजली गेली आहे. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आत कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना मोठ्या भेगा दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली. शिवणाऱ्या बायकांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं, नाही आलात तर पगार कापू म्हणून. 1,134 माणसं गेली. त्यात बायका-मुलीच जास्त. ते कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत जायचे. नंतर तिथल्या गिऱ्हाइकांनी 'माझा कपडा कोणी शिवला?' हा एकच प्रश्न कंपन्यांना विचारायला सुरुवात केली. संघटनांनी रेटा लावला. शेवटी दोनशेहून जास्त कंपन्यांना कारखान्यांच्या सुरक्षेच्या करारावर सह्या कराव्या लागल्या, आणि तो करार कायद्याने बंधनकारक होता. विचारून काय होतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पाण्याचंही बघा. घागरभर पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव वाचवणारे आपण. तमिळनाडूतलं तिरुपूर हे बनियन, टी-शर्ट, लहान मुलांचे कपडे यांचं सर्वात मोठं गाव. तिथल्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदीत इतकं रंगाचं आणि मिठाचं पाणी सोडलं की खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि विहिरी वाया गेल्या. ते शेतकरी कोर्टात गेले. 2011 च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करायला सांगितलं. एका अख्ख्या नदीतले जलचर आणि काठावरची शेती! आपल्या छन्न्याने आयुष्यभरात वाचवलेले जीव एका बाजूला ठेवा आणि ही नदी दुसऱ्या बाजूला.

आणि आपला कापूसही काही सोवळा नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. म्हणून 'सुती घेतलं की अहिंसक झालं' असंही समजू नका. प्रश्न प्रत्येक कपड्याला विचारायला हवा.

"आपण घरात बसणाऱ्या बायका, आपल्याच्याने काय होणार?" असं म्हणणाऱ्यांना मी अनसूयाबेन साराभाईंचं नाव सांगते. अहमदाबादच्या गिरणीमालक जैन घराण्यातली ही लेक. लहानपणीच आईवडील गेले, बालविवाह झाला, तो निभला नाही. 1912 साली भावाच्या मदतीने डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या. तिथे प्राण्यांची चिरफाड करावी लागते म्हणून जैन संस्कारांमुळे त्यांनी ते शिक्षण सोडलं. इथपर्यंत ही कथा आपल्या कुठल्याही घरातली वाटेल. पुढची तशी नाही. परत आल्यावर एक दिवस गिरणीतून बाहेर पडणाऱ्या, पाय ओढत चाललेल्या बायका त्यांना दिसल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की त्या सलग छत्तीस तास काम करून निघाल्या होत्या. त्या दिवसापासून अनसूयाबेन मजुरांच्या झाल्या. 1918 साली अहमदाबादच्या गिरण्यांत पगारवाढीसाठी लढा झाला, तेव्हा मालकांचे पुढारी होते त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल, आणि मजुरांच्या बाजूला उभ्या होत्या अनसूयाबेन आणि गांधीजी. मालक वीस टक्के म्हणत होते, मजूर पस्तीस. गांधीजींनी उपोषण केलं, प्रकरण लवादाकडे गेलं आणि पस्तीस टक्के मिळाले. 1920 साली मजूर महाजन संघ उभा राहिला. त्याच संघाच्या महिला विभागातून 1972 साली इला भट्टांनी 'सेवा' ही बायकांची संघटना काढली. घरी बसून काम करणाऱ्यांसाठीच्या त्या 177 नंबरच्या करारासाठी पुढे सेवाच झगडली.

जी अहिंसा प्राण्याच्या अंगावर सुरी चालवायला नाही म्हणाली, तीच अहिंसा छत्तीस तासांच्या पाळीला नाही म्हणाली. अनसूयाबेनना या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या नाहीत. आपल्याला का वाटतात?

आता पैशाचा मुद्दा. "हातमागाचं, खादीचं महाग असतं, परवडत नाही." हे भांडण आपल्या विदर्भात नव्वद वर्षांपूर्वीच होऊन गेलं आहे. 1935 साली गांधीजी वर्ध्याला राहत होते. तोवर चरखा संघाचं धोरण होतं की खादी जितकी स्वस्त तितकी खपेल. गांधीजींच्या ध्यानात आलं की ती स्वस्ताई कातणाऱ्या बाईच्या पोटातून येते आहे. त्यांनी मागणी केली, आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळाले पाहिजेत. कार्यकर्तेच घाबरले. खादी महागेल, गिऱ्हाईक जाईल, भांडार बंद पडेल! विनोबांनी तर वर्ध्याजवळ नालवाडीला स्वतः रोज तासन् तास सूत कातून त्या मजुरीत माणूस जगू शकतो का ते बघितलं. आठ आणे काही देता आले नाहीत, पण कातणारीला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे हे तत्त्व चरखा संघाने मान्य केलं. मजुरी वाढली, खादी महागली, आणि खादी संपली नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात आजही नैसर्गिक रंगांची खादी तयार होते, जाऊन बघा.

आपल्या समाजातही ही वाट दाखवली गेली आहे. आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांनी हातमागाचा आग्रह धरला. त्यांच्या प्रेरणेने मध्य प्रदेशात हातमाग केंद्रं निघाली, सागरच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्यांच्या हाती माग आले. 2022 चा त्यांचा चातुर्मास आपल्या शेजारी शिरपूरला, अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या पायाशी झाला. जिल्ह्यातून आपण गाड्या भरभरून दर्शनाला गेलो. हातमाग धरा असं सांगणाऱ्या संतांच्या दर्शनाला आपल्यातल्या कितीजणी सुरतेच्या मंडळी-साडीत गेल्या, ते ज्याचं त्याने आठवावं.

परवडत नाही हे मी पूर्ण नाकारत नाही. ज्या घरात महिन्याची ओढाताण आहे तिने दोनशे साठची साडी घेतली तर तिला मी एक शब्द बोलणार नाही. मी बोलते आहे कपाटाचं दार लावताना ज्यांना गुडघा लावावा लागतो त्यांच्याशी. दोनशे साठच्या दहा साड्या म्हणजे सव्वीसशे रुपये. त्यात एक चांगली हातमागाची सुती साडी येते आणि विणणाऱ्याच्या घरी चूल पेटते. महाग साडी परवडत नाही असं नाही, दहा साड्यांशिवाय आपल्याला करमत नाही.

दुसरा आक्षेप जरा गंभीर आहे. "आपण घेणं थांबवलं तर त्या गरीब बायकांचं आहे ते कामही जाईल." म्हणून तर मी खरेदी बंद करा असं म्हणत नाही. कमी घ्या, योग्य दाम द्या, आणि विचारत राहा. शंभर वाईट दराच्या साड्यांऐवजी वीस चांगल्या दराच्या घेतल्या तर मजुरी टिकते, फक्त आपला ढीग कमी होतो. आणि ढीग कमी करणं हे तर आपलं व्रतच आहे. भोगोपभोग परिमाणात अन्न हा भोग आणि वस्त्र हा उपभोग, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायची वस्तू. पुन्हा पुन्हा! एकदा फोटो निघाला की पुन्हा न नेसायची साडी उपभोग कशी म्हणायची? आपल्या श्वेतांबर भगिनी रोज चौदा नियम धारतात, त्यात 'वत्थ' हा एक नियम आहेच. आज किती वस्त्रं वापरणार ते मोजायचं. वापरताना मोजतो, मग विकत घेताना का मोजत नाही?

आता सर्वात अवघड गोष्ट, कारण ती आपल्या उंबऱ्याच्या आत आहे. कापडाची आणि रेडिमेडची किती दुकानं आपल्याच माणसांची आहेत? आपले यजमान, दीर, मुलगे गादीवर बसतात. समोर साड्या उलगडून दाखवणाऱ्या मुली सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभ्या असतात. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा नियम किती दुकानांत असतो. केरळात कोझिकोडच्या विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी अशा मुलींना एकत्र करून लढा दिला, आणि 2018 साली तिथल्या सरकारने कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क दिला. 2021 साली तमिळनाडूनेही दिला. आपल्या दुकानात स्टूल ठेवायला कायद्याची वाट का बघायची? मंदिरावर कळस चढवायला लाखांची बोली बोलणाऱ्या घराने आपल्या दुकानातल्या मुलीला पगारी साप्ताहिक सुटी देऊ नये, हे मला समजत नाही. घरातली बाई जेवायला वाढताना हे बोलू शकते. तिचं ऐकलं जातं. एकदा नाही तर चौथ्यांदा.

आणि ब्लाऊज शिवणारी? तिच्याशी तर आपला थेट व्यवहार. दुकानातल्या छापील किमतीवर गप्प बसणाऱ्या आपण हिच्याशी वीस रुपयांसाठी पाऊण तास घालतो. वर "पुढच्या वेळी एकदम देते" म्हणून पैसे ठेवून घेतो. सणाच्या तोंडावर ती रात्र रात्र जागते, आपले पैसे दिवाळी झाल्यावर जातात. ही हिंसा आपण स्वतः करतो, यात मधे कोणी कंपनी नाही.

दर योग्य आहे की नाही हे ओळखायची एक सोपी रीत सांगते. कामाला किती वेळ लागतो ते विचारा, आठ तासांचा रोज किती पडतो ते काढा. समजा साडीला हाताने फॉल लावायला दीड तास लागतो आणि फॉलची किंमत सोडून तिला चाळीस रुपये मिळतात. आठ तासांत पाच साड्या, म्हणजे दोनशे रुपये रोज, त्यात दोरा आणि वीज तिचीच. आता आपल्या शेतात निंदायला येणाऱ्या बाईला आपण किती देतो? त्याच्यापेक्षा शिवणारीचा रोज कमी पडत असेल तर दर चुकलेला आहे. वाढवून द्या. हे दान नव्हे, तिचं येणं आहे. दानाच्या पावतीत ते धरू नका.

तर या वर्षी मंडळाच्या बैठकीत मांडायला माझे पाच मुद्दे. जसेच्या तसे वाचून दाखवा, माझं नाव घेतलंत तरी चालेल.

एक, या पर्युषणात मंडळाची नवी साडी नाही. रंग हवेच असतील तर कपाटातले. ज्या रंगाची नसेल तिने कोणत्याही रंगात यावं, तिला कोणी विचारायचं नाही.

दोन, प्रत्येकीने वर्षभराच्या नव्या कपड्यांचं परिमाण ठरवून वहीत लिहावं. आकडा कितीही असो, पण लिहिलेला असावा.

तीन, प्रभावनेत वाटायच्या पिशव्या, रुमाल, बटवे आपल्या तालुक्यातल्या बचत गटाकडून शिवून घ्यावेत. दर त्यांच्याशी बसून, वर सांगितलेल्या रोजाच्या हिशेबाने ठरवावा. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले माल हातात आल्याबरोबर.

चार, दुकानात तीन प्रश्न विचारायचे. हे कुठे बनलं? कोणी बनवलं? तिला किती मिळाले? पहिल्यांदा दुकानदार हसेल. दहा जणींनी विचारल्यावर तो त्याच्या व्यापाऱ्याला विचारेल. पुड्यावरचा हिरवा ठिपका काही आकाशातून पडला नाही, लोकांनी विचारून विचारूनच तो आला.

पाच, फाटलेलं शिवावं, जुन्याचं नवं करावं. आपल्या आयांनी सुती लुगड्यांच्या गोधड्या केल्या आणि त्याच्याही पुढे चिंध्या लादी पुसायला वापरल्या. बोहारणीला साड्या देऊन पातेलं घेतलं की कपाट मोकळं होतं, पण ते पुन्हा भरायचं नसेल तरच त्याचा उपयोग.

क्षमावाणीच्या दिवशी आपण चौऱ्यांशी लक्ष योनींतल्या जीवांची हात जोडून क्षमा मागतो. त्यात वेचणारी आली, रंगवणारा आला, खडे चिकटवणारी आली, आपली ब्लाऊजवालीही आली. हिशेबाचा साधा नियम आहे की देणं बाकी असताना खातं बंद होत नाही. क्षमा मागण्याआधी ज्याचं त्याचं देणं चुकतं करा. सुरुवात गल्लीतल्या शिवणारीपासून करा. तिची बाकी या आठवड्यात, पर्युषण लागायच्या आधी देऊन या.

जय जिनेंद्र.